काटकसर कोणाच्या ताटातून? 1931 चे लंडन आणि आपला प्रश्न

विहारातल्या अभ्यासवर्गात शिष्यवृत्तीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "कापू दे निधी, निवडणुकीत कळेल यांना." वाक्य टाळ्यांचे आहे. आम्हीही ते अनेकदा बोललो आहोत. पण इतिहास उघडून पाहिला तर तो या वाक्याला साथ देत नाही. खर्चात कपात करणारे सरकार पडतेच असा नियम नाही. कधी ते पडते, कधी प्रचंड बहुमताने निवडून येते, तर कधी त्याच्या जागी त्याहून भयंकर सरकार येते. यातले काय घडेल हे कपातीच्या आकड्यावर ठरत नाही. कपात कोणावर झाली, त्या माणसाचे मत कोणाला गमवायची भीती आहे आणि तो माणूस संघटित आहे की एकटा, यावर ते ठरते.

हे सांगण्यासाठी आम्ही 1931 सालचे लंडन निवडले आहे, आणि त्याला कारण आहे. आधुनिक जगातले कपातीचे सर्वात गाजलेले राजकीय नाट्य त्या वर्षी तिथे घडले. ते घडत असताना बाबासाहेब त्याच शहरात होते. ज्या पंतप्रधानाने बेकारांच्या भत्त्याला कात्री लावली, त्याच्याच अध्यक्षतेखाली ते अस्पृश्यांच्या हक्कांसाठी भांडत होते. गोलमेज परिषद आपण गांधी-आंबेडकर वादापुरती वाचतो. त्या परिषदेच्या खिडकीबाहेर काय चालले होते, तेही वाचायला हवे.

आधी शब्दाचा हिशेब

काटकसर हा मराठीत चांगला शब्द आहे. आपल्या आया-आज्यांनी काटकसर केली म्हणून आपण शिकलो. पण घरातली बाई काटकसर करते तेव्हा पहिली भाकरी स्वतःच्या ताटातली कमी करते. लेकरांच्या ताटाला ती शेवटी हात लावते. सरकारची काटकसर बहुतेक वेळा उलट्या क्रमाने चालते. ज्याचा आवाज सर्वात कमी, त्याच्या ताटातून ती सुरू होते. म्हणून 'घर चालवायचे तर काटकसर करावीच लागते' असे मंत्री म्हणतात, तेव्हा विचारायचे : कोणाच्या ताटातून?

मजुरांचे सरकार आणि मे समिती

1929 च्या निवडणुकीत ब्रिटनमध्ये मजूर पक्ष 287 जागा घेऊन सर्वात मोठा पक्ष ठरला. स्पष्ट बहुमत नव्हते, तरी सरकार त्यांचे आले. पंतप्रधान रॅमसे मॅकडोनाल्ड हा गरीब घरात, अविवाहित आईच्या पोटी जन्मलेला माणूस. अर्थमंत्री फिलिप स्नोडेन विणकराचा मुलगा. मजूरमंत्री मार्गारेट बॉन्डफिल्ड या ब्रिटिश मंत्रिमंडळात बसलेल्या पहिल्या महिला, आणि त्या दुकानात नोकरी करून वर आलेल्या. खाणकामगार, गिरणीकामगार, गोदी कामगार यांना वाटले, आता आपली माणसे खुर्चीवर बसली.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि जगभर मंदी पसरली. ब्रिटनमधील नोंदणीकृत बेकारांची संख्या दीड वर्षात दुपटीहून अधिक झाली. 1931 च्या उन्हाळ्यात ती सत्तावीस लाखांच्या आसपास होती. बेकारांना विम्यातून भत्ता मिळत असे. बेकार वाढले, तसा विम्याचा निधी कर्जात गेला. विरोधी बाकांवरून आणि वृत्तपत्रांतून ओरड सुरू झाली की हे सरकार पैसा उधळते आहे. सरकारने खर्चाचा आढावा घ्यायला समिती नेमली. अध्यक्ष होते सर जॉर्ज मे, एका मोठ्या विमा कंपनीचे निवृत्त अधिकारी.

31 जुलै 1931 ला मे समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तूट 12 कोटी पौंडांची होईल असे त्यात म्हटले होते आणि सुमारे साडेनऊ कोटी पौंडांची कपात सुचवली होती. यातला दोन तृतीयांशाहून अधिक भार एकट्या बेकार विम्यावर टाकला होता, आणि भत्ता 20 टक्क्यांनी कमी करा अशी शिफारस होती. समितीतल्या मजूर पक्षाच्या दोन सदस्यांनी वेगळे मत नोंदवले. ते कोणी मनावर घेतले नाही.

अहवालाने युरोपातले सावकार घाबरले. लोक पौंड देऊन सोने मागू लागले. बँक ऑफ इंग्लंडला न्यूयॉर्क आणि पॅरिसहून कर्ज हवे होते. तिकडून संकेत असा होता की कपात केल्याचे दिसले तरच विश्वास बसेल. 23 ऑगस्टच्या रात्री मंत्रिमंडळापुढे प्रश्न आला : बेकारांच्या भत्त्यात 10 टक्के कपात करायची का? 11 मंत्री हो म्हणाले, 9 नाही म्हणाले. एवढ्या फुटीवर सरकार चालणार नव्हते. दुसऱ्या दिवशी मॅकडोनाल्ड राजीनामा देतील असे सहकाऱ्यांना वाटत होते. पण राजाने त्यांनाच सर्वपक्षीय 'राष्ट्रीय सरकार' बनवायला सांगितले आणि ते तयार झाले. कालपर्यंत ज्यांच्याविरुद्ध लढले त्या हुजूर पक्षाच्या मांडीला मांडी लावून ते बसले. मजूर पक्षाने त्यांची हकालपट्टी केली.

इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. मजूर पक्षाचे बहुसंख्य मंत्री कपातीच्या बाजूने होते, आणि विरोध करणाऱ्या नऊ जणांनीही इतर खात्यांतली बरीच कपात आधीच मान्य केली होती. त्याच जुलैत बॉन्डफिल्ड यांच्या खात्याने 'विसंगती' दूर करण्याच्या नावाखाली कायदा आणला आणि असंख्य विवाहित कामगार स्त्रियांचा भत्ता बंद केला. म्हणजे पहिली कात्री चालली ती मजूर पक्षाच्याच हाताने, आणि तीही कामगार वर्गातल्या सर्वात कमी आवाज असलेल्यांवर. बायका बाहेर फेकल्या गेल्या तेव्हा सरकार फुटले नाही. पुरुषांच्या भत्त्याला हात लागला तेव्हा फुटले.

त्याच दिवसांत बाबासाहेब लंडनला पोचले

14 ऑगस्ट 1931 ला मुंबईत मणिभवनात बाबासाहेब आणि गांधी यांची पहिली भेट झाली. त्यानंतर बाबासाहेब दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बोटीने निघाले. ते समुद्रात असतानाच लंडनमधले सरकार बदलले. 7 सप्टेंबरला परिषद सुरू झाली तेव्हा पंतप्रधान तोच होता, पण त्याच्यामागचा पक्ष उरला नव्हता. पहिल्या परिषदेच्या वेळी भारतमंत्री मजूर पक्षाचे वेजवुड बेन होते. आता त्यांच्या जागी हुजूर पक्षाचे सॅम्युअल होअर बसले होते. बेकाराच्या भत्त्यावरून झालेल्या भांडणाने भारताच्या भवितव्याची चर्चा करणारा मंत्री बदलला होता.

लंडन बाबासाहेबांना नवे नव्हते. इथल्याच अर्थशास्त्राच्या शाळेत त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला होता. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ 1925 मध्ये प्रसिद्ध झाला होता. सरकारचा पैसा कोणाकडून येतो, कोणावर खर्च होतो आणि तो ठरवणारा कोणाला जबाबदार असतो, हे त्यांच्या अभ्यासाचे मूळ सूत्र होते. आपल्यातले अनेक जण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून ओळखतात, पण अर्थशास्त्रज्ञ म्हणून वाचत नाहीत. ते वाचल्याशिवाय निधीचे राजकारण आपल्याला कळणार नाही.

खलाशांनी जहाजे थांबवली

10 सप्टेंबरला स्नोडेन यांनी आणीबाणीचा अर्थसंकल्प मांडला. सुमारे 7 कोटी पौंडांची कपात आणि वर करवाढ. बेकारांचा भत्ता 10 टक्के कमी झाला, एकट्या पुरुषाला आठवड्याला 17 शिलिंग मिळत, ते 15 शिलिंग 3 पेन्सवर आले. शिक्षकांचा पगार 15 टक्क्यांनी कापायचे ठरले. नौदलात तर जुन्या वेतनश्रेणीतल्या साध्या खलाशाचा रोज 4 शिलिंगांवरून 3 शिलिंगांवर, म्हणजे तब्बल 25 टक्क्यांनी खाली आणला. वरच्या अधिकाऱ्यांच्या पगारातली कपात टक्केवारीत याहून पुष्कळ कमी होती.

15 सप्टेंबरला स्कॉटलंडच्या इन्व्हरगॉर्डन बंदरात अटलांटिक ताफ्यातल्या खलाशांनी जहाजे बाहेर काढायला नकार दिला. हजारो खलाशी डेकवर जमले आणि कामावर गेले नाहीत. दोन दिवस ब्रिटिश साम्राज्याचा सर्वात अभिमानाचा ताफा जागचा हलला नाही. बातमी बाहेर पडताच पौंडावरचा उरलासुरला विश्वास गेला आणि 21 सप्टेंबरला ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले. ज्या सुवर्णपरिमाणाच्या रक्षणासाठी कपात हवी असे सांगून मजूर सरकार पाडले गेले, ते परिमाण नव्या सरकारला महिनाभरही टिकवता आले नाही. आणि ते सोडल्यावर आकाशही कोसळले नाही. 'दुसरा पर्यायच नाही' असे कोणी छातीठोकपणे सांगेल तेव्हा ही तारीख आठवावी.

खलाशांच्या नकाराने सरकारने माघार घेतली. पगारातली कपात कोणाचीही 10 टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही असे जाहीर झाले. शिक्षक आणि पोलीस यांनाही त्याचा फायदा झाला. पुढारी ठरवलेल्या खलाशांना नंतर नौदलातून काढले, ती किंमत त्यांनी मोजली. पण बेकारांच्या भत्त्यातली 10 टक्के कपात तशीच राहिली. खलाशी जहाज थांबवू शकत होता. बेकाराच्या हातात थांबवण्यासारखे काही नव्हते, कारण त्याचे काम आधीच थांबले होते.

कपात करणारे जिंकले, तेही विक्रमी मतांनी

आता निवडणूक. 27 ऑक्टोबर 1931. आपल्या अभ्यासवर्गातल्या वाक्याप्रमाणे इथे राष्ट्रीय सरकारचा धुव्वा उडायला हवा होता. घडले उलट. राष्ट्रीय सरकारला 554 जागा मिळाल्या, त्यात एकट्या हुजूर पक्षाच्या 470 च्या घरात. मजूर पक्ष 287 वरून 52 वर आला. पक्षाचे नवे नेते आर्थर हेंडरसन पडले, बॉन्डफिल्ड पडल्या. क्लेमेंट ॲटली नावाचे एक फारसे प्रसिद्ध नसलेले खासदार लंडनच्या लाइमहाउसमधून जेमतेम 551 मतांनी वाचले. त्यांचे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

असे का झाले? आमच्या मते चार कारणे आहेत.

पहिले कारण भीती. प्रचारात मतदाराला सांगण्यात आले की मजूर सरकारने बेकारांना पैसे द्यायला टपाल बचत बँकेतल्या ठेवींना हात घातला, तुमची बचतही बुडेल. टपालात पैसे ठेवणारा माणूस श्रीमंत नव्हता. तो शिपाई होता, दुकानातला नोकर होता, काम टिकून असलेला कामगार होता. त्याला बेकाराविरुद्ध उभे केले गेले. थोडे असलेल्याला काहीच नसलेल्याची भीती दाखवणे हे कपातीच्या राजकारणाचे सर्वात जुने हत्यार आहे. 'तुमच्या कराच्या पैशावर ते फुकट शिकतात' हे वाक्य आपल्या पोरांना कॉलेजात ऐकावे लागते, ते याच हत्याराचे देशी रूप आहे.

दुसरे कारण मजूर पक्षाची स्वतःची अवस्था. कपातीला विरोध करायला तो मतदारांपुढे गेला तेव्हा समोरून प्रश्न आला : ऑगस्टपर्यंत तुम्हीच तर कपातीची यादी बनवत होता. उत्तर नव्हते. आपल्याच लोकांच्या ताटाला हात लावणाऱ्या पक्षाचे दुहेरी नुकसान होते. आपला मतदार खचून घरी बसतो, आणि ज्याला खूश करायला कपात केली तो मतदार मूळ मालकाकडे जातो. हुजूर पक्षाने बेकाराचा भत्ता कापला तर त्याचे काही जात नव्हते, कारण बेकार त्याचा मतदार नव्हताच.

तिसरे कारण एकास एक लढत. बहुतेक मतदारसंघांत राष्ट्रीय सरकारच्या बाजूने एकच उमेदवार होता. मजूर पक्षाला तेव्हाही साठ लाखांहून अधिक मते मिळाली, म्हणजे जवळजवळ 31 टक्के. 31 टक्के मते आणि 615 पैकी 52 जागा! सर्वाधिक मते घेणारा एकटा जिंकतो अशा पद्धतीत विखुरलेल्या मतांचे काय होते, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायची गरज नाही.

चौथे कारण वेळ. निवडणूक झाली तेव्हा कपातीची झळ अजून पुरती घराघरात पोचली नव्हती. भीती आधी पोचली, भूक नंतर.

भूक नंतर पोचली, आणि लक्षात राहिली

नोव्हेंबर 1931 पासून ज्यांच्या विम्याचे 26 आठवडे संपले त्यांच्यासाठी ऐपत-तपासणी सुरू झाली. अधिकारी घरात यायचा. मुलगा किती कमावतो, आजीला पेन्शन किती, घरात विकण्यासारखे सामान काय आहे, सगळे मोजायचा आणि तेवढा भत्ता कमी करायचा. आयुष्यभर कष्ट केलेल्या बापाला मुलाच्या पगारावर जगायला लावणारी ही पद्धत होती. कमावती पोरे घर सोडून जाऊ लागली, म्हणजे निदान बापाचा भत्ता तरी चालू राहील. ज्या समाजाने दाखल्यासाठी, सवलतीसाठी आणि घरकुलासाठी टेबलापुढे उभे राहून आपली गरिबी सिद्ध केली आहे, त्याला हा अपमान समजावून सांगावा लागत नाही.

तरी 1935 च्या निवडणुकीत राष्ट्रीय सरकार पुन्हा जिंकले. दरम्यान 1934 मध्ये भत्त्यातली कपात मागे घेतली होती आणि पगारातली कपातही टप्प्याटप्प्याने उठवली होती. मजूर पक्ष 154 जागांपर्यंत सावरला, पण सत्ता दूर राहिली. मात्र त्याच वर्षाच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट घडली होती. जानेवारी 1935 मध्ये बेकार मदतीचे नवे दर लागू झाले आणि अनेकांची रक्कम घटली. दक्षिण वेल्सच्या खाणींच्या खोऱ्यांत लाखो लोक रस्त्यावर उतरले. कामावर असलेले, बेकार, चर्चमधले, कम्युनिस्ट, मजूर पक्षवाले सगळे एकत्र आले. फेब्रुवारीत सरकारने नवे दर स्थगित केले. 1931 मध्ये बेकार एकटा होता म्हणून हरला. 1935 मध्ये काम असलेला त्याच्या बाजूला उभा राहिला तेव्हा सरकार झुकले, आणि तेही शेकडो जागांचे बहुमत हाताशी असताना.

ऐपत-तपासणीची आठवण पिढीभर टिकली. 1945 च्या निवडणुकीत युद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिल यांना नाकारून लोकांनी मजूर पक्षाला 393 जागा दिल्या. पंतप्रधान झाले ते 551 मतांनी वाचलेले ॲटली. त्यांच्या सरकारने सर्वांसाठी सामाजिक विमा आणि मोफत आरोग्य सेवा आणली. हेच ॲटली 1928 मध्ये सायमन कमिशनचे सदस्य म्हणून भारतात आले होते, आणि त्याच कमिशनपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली होती. कपातीचा हिशेब चुकता झाला, पण त्याला चौदा वर्षे आणि एक महायुद्ध लागले. जे पोर 1931 मध्ये उपाशी शाळेत गेले, त्याला या उशिरा आलेल्या न्यायाचा काय उपयोग?

राग कुठेही जाऊ शकतो

ब्रिटनमध्ये निदान राग लोकशाहीच्या चौकटीत राहिला. त्याच काळात जर्मनीत काय झाले ते पाहिले की अंगावर काटा येतो. चॅन्सलर हाइन्रिश ब्रुनिंग यांनी 1930 ते 1932 दरम्यान संसदेला बगल देत, राष्ट्राध्यक्षांच्या हुकूमनाम्यांवर पगार, पेन्शन आणि बेकार भत्ते कापले. लोकांनी त्यांना 'भुकेचा चॅन्सलर' असे नाव ठेवले. 1928 मध्ये हिटलरच्या पक्षाच्या संसदेत 12 जागा होत्या. सप्टेंबर 1930 मध्ये 107 झाल्या, जुलै 1932 मध्ये 230. कपात हे एकच कारण नव्हते. पण ज्या भागांना कपातीचा फटका जास्त बसला तिथे नाझींची मते जास्त वाढली, असे अलीकडच्या संशोधनातही दिसले आहे.

भुकेल्या माणसाला भूक कशाने आली हे समजावणारी संघटना नसेल, तर दुसरे कोणी तरी येते आणि बोट दाखवते. जर्मनीत ते बोट ज्यूंकडे होते. म्हणून 'लोकांना चटके बसू द्या, मग आपोआप जागे होतील' हा विचार आम्हाला धोकादायक वाटतो. चटका बसलेला माणूस जागा होतोच असे नाही. तो शेजाऱ्याचे घरही पेटवू शकतो.

ज्याला मतच नाही त्याची काटकसर

आता भारताकडे या. 1931 च्या सप्टेंबरात इथल्या सरकारनेही पुरवणी अर्थसंकल्प आणला. करांवर 25 टक्के अधिभार लावला, पुढे सरकारी नोकरांच्या पगारातही 10 टक्के कपात केली. शेतमालाचे भाव कोसळलेले होते आणि घरातले सोने विकून शेतकरी सारा भरत होते. पण दिल्लीत ना मंत्रिमंडळ फुटले, ना निवडणुकीत कोणी पडले. पडणार कसे? व्हाइसरॉय लोकांना जबाबदार नव्हता. विधिमंडळाने फेटाळलेले वित्त विधेयकही तो आपल्या खास अधिकारात मंजूर करू शकत होता. मताचा अधिकार मूठभर मालमत्ताधारकांना होता, आणि त्यांत अस्पृश्य जवळजवळ नव्हतेच.

लंडनमध्ये बेकाराच्या आठवड्याच्या पावणेदोन शिलिंगांवरून सरकार कोसळले. भारतात करोडो लोकांच्या तोंडचा घास गेला तरी खुर्ची हलली नाही. फरक कुठे होता? ब्रिटनच्या बेकाराला, तो कितीही गरीब असला तरी, मत होते. त्याच्या मतावर जगणारा एक पक्ष होता. त्या पक्षातल्या नऊ मंत्र्यांना त्याच्याकडे परत जायचे होते.

बाबासाहेबांची मागणी या उजेडात वाचावी. सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार आणि राखीव जागा मागितल्या. प्रौढ मताधिकार देणार नसाल तर स्वतंत्र मतदारसंघ द्या, ही त्यांची भूमिका होती. गोलमेज परिषदेत ते आणि रावबहादूर श्रीनिवासन याच मुद्द्यावर उभे होते : राजकीय सत्तेचा वाटा हाती आल्याशिवाय अस्पृश्यांचे दुःख फिटणार नाही. नुसता प्रतिनिधी पाहिजे ही ती मागणी नव्हती. ज्याला आमच्या मताची भीती वाटेल असा प्रतिनिधी पाहिजे, ही ती मागणी होती. ऑगस्ट 1932 मध्ये मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला, त्यात स्वतंत्र मतदारसंघ होते. सप्टेंबरात पुणे करार झाला आणि ते गेले. राखीव जागा वाढल्या, पण अंतिम निवडीत आपल्या प्रतिनिधीचे भवितव्य इतरांच्या मतांवर अवलंबून राहिले. तो प्रतिनिधी कोणाच्या नाराजीला घाबरेल, याचे उत्तर त्यातच आहे.

आजचा हिशेब

आज प्रौढ मताधिकार आहे. मग आपला निधी पहिला का कापला जातो? दोन अलीकडच्या घटना शेजारी ठेवू.

6 सप्टेंबर 2023 ला महाराष्ट्र शासनाने खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी नोकरभरतीचा शासन निर्णय काढला. पगाराचा खर्च वाचवणे हे कारण होते आणि आरक्षणाला वळसा हा परिणाम होता. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी सगळ्या जातींची पोरे जिल्ह्याजिल्ह्यांत रस्त्यावर आली. ऑक्टोबरात शासनाने निर्णय रद्द केला. हे आपले छोटे दक्षिण वेल्स होते.

दुसरी घटना 2025 ची. सामाजिक न्याय विभागाचे सुमारे 410 कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले आणि खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. त्या योजनेत अनुसूचित जातीच्या बहिणीही आहेत, पैसा त्यांनाच जातो, असे शासनाचे उत्तर होते. आमचा त्या बहिणींच्या पंधराशे रुपयांना विरोध नाही. आमचा प्रश्न आहे की बहिणीला द्यायला भावाच्या वसतिगृहाचे पैसे का? इतर कोणत्या ताटातून घास का काढता आला नाही? 2023 सारखी माघार मात्र इथे शासनाला घ्यावी लागली नाही. कारण कापलेला आकडा एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात गेला. तो दिसला नाही, आणि ज्यांचा होता ते एकटे होते.

म्हणून आमचे म्हणणे असे. कपात सर्वात आधी त्याच्यावर येते ज्याचे मत गमावण्याची भीती कोणालाच नसते. एका पक्षाला खात्री असते की ही मते आपल्याला मिळणारच नाहीत, आणि दुसऱ्याला खात्री असते की ती जातील कुठे. या दोन खात्र्यांच्या मध्ये आपली शिष्यवृत्ती, आपले वसतिगृह आणि आपल्या रिक्त जागा सापडल्या आहेत. ज्या दिवशी या दोन्ही खात्र्या मोडतील, त्या दिवशी अर्थमंत्र्याची कात्री आपल्या ताटाजवळ येऊन थबकेल.

त्यासाठी घोषणा पुरत नाहीत. अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो आणि आपण निधीबद्दल एप्रिलमध्ये बोलतो. प्रत्येक तालुक्यात चार पोरे अशी हवीत जी अनुसूचित जाती घटक कार्यक्रमाची तरतूद, वितरण आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे वेगळे वाचू शकतात. माहिती अधिकारात ते मागवायचे, वस्तीत फळ्यावर लिहायचे, आणि मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या फळ्यासमोर उभे करायचे. आपल्या वस्तीतल्या नोकरदाराने कंत्राटी कामगाराच्या मोर्चात जायचे, आणि आपल्या मोर्चात धनगर, मराठा, मुस्लिम, आदिवासी घरातली वसतिगृहाची पोरेही यायला हवीत. बेकार एकटा लढला तेव्हा काय झाले आणि काम असलेला त्याच्यासोबत आला तेव्हा काय झाले, हे आपण वर पाहिले.

बाबासाहेबांनी आपल्याला मत मिळवून दिले. त्या मताची भीती निर्माण करायचे काम त्यांनी आपल्यावर सोडले आहे. पुढच्या अभ्यासवर्गात "निवडणुकीत कळेल यांना" असे कोणी म्हणाले, तर आम्ही विचारणार आहोत : त्यांना कळावे म्हणून तुझ्या तालुक्याचा फळा लिहिलास का?

जय भीम. जय संविधान.